सारंगखेड्याच्या यात्रेत लहरींची वाटणी

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात पाय ठेवायला जागा नसते. घोडेबाजारात कुणी घोड्याचे दात बघून वय ताडतंय, कुणी व्हिडिओ कॉलवर घरच्यांना घोडा दाखवतंय, तर कुणी ‘अरे, कुठंयस?’ म्हणून हरवलेल्या भावाला शोधतंय. एवढ्या सगळ्यांना मोबाइलचा टॉवर पुरतो तरी कसा?

फोर-जी टॉवरकडे २० मेगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा असेल, तर त्याच्या १०० बारीक पट्ट्या होतात. कुठली पट्टी कुणाच्या फोनला द्यायची, हे टॉवर सेकंदाला तब्बल १००० वेळा नव्यानं ठरवतो!

सगळ्या पट्ट्या चांगल्या सिग्नलवाल्यांना दिल्या, तर यात्रेच्या टोकाला उभा असलेला उपाशी राहणार. सगळ्यांना सारख्याच वाटल्या, तर सिग्नल पडलेल्या क्षणी मिळालेली पट्टी वाया जाणार. मग टॉवर युक्ती करतो. लहरी गाड्यांवर, पत्र्यांवर आपटत वेगवेगळ्या वाटांनी येतात, म्हणून प्रत्येकाचा सिग्नल क्षणोक्षणी वरखाली होतो. फोन ते टॉवरला कळवत राहतो. टॉवर बघतो, याचा सिग्नल नेहमीपेक्षा आत्ता बरा आहे का? याला मघापासून किती मिळालं? त्यावरून पाळी लागते. म्हणजे लांबच्यालाही त्याचा चांगला क्षण गाठून वाटा मिळतो.

आता ताकदीचं बघू. कानाशी कुणी ओरडत असेल, तर लांबच्याची हाक ऐकू येत नाही. फोनचंही तसंच. म्हणून जवळच्या फोनला टॉवर हुकूम सोडतो, ‘हळू!’ आणि लांबच्याला, ‘जोरात!’ थ्री-जीमध्ये असे हुकूम सेकंदाला १५०० वेळा सुटायचे. फोर-जी फोन अगदी जोर लावला तरी साधारण पाव वॉटच्या आतच असतो. धडगावच्या डोंगरात टॉवर लांब पडला, की फोन असाच जोर लावत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते.

घरी एक करून बघा. मोठ्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा सापडतो का बघा. तो शून्याखालचा असतो. गच्चीवर उणे ७० आणि आतल्या खोलीत उणे ११० दिसला, तर आत पोचलेला सिग्नल दहा हजार पटींनी क्षीण आहे. तरीही फोन लागतो!