प्राथमिक शाळेतील स्वीकारशील समूहजीवन : संकल्पना आणि दैनंदिन व्यवस्था

प्रस्तावना

दरवर्षी जून महिन्यात महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रवेशोत्सव साजरा होतो. दाराला तोरण लागते, पहिलीत येणाऱ्या मुलांच्या हाती फूल आणि पाठ्यपुस्तकांचा संच दिला जातो, काही गावांत सजवलेल्या बैलगाडीतून त्यांची मिरवणूकही निघते. हा उपक्रम स्तुत्यच आहे. तथापि दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी आलेल्या आई-वडिलांबरोबर एखादे मूल त्याच शाळेच्या दारात येऊन उभे राहते, त्या दिवशी तोरण नसते आणि पुष्कळदा पुस्तकही नसते. शाळा मुलांना कितपत आपलेसे करते, याची खरी कसोटी या दुसऱ्या दिवशी लागते. प्राथमिक शाळेत सर्वांना सामावून घेणारे समूहजीवन कशातून घडते आणि कशामुळे मोडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. स्वीकार ही केवळ शिक्षकाच्या मनातील सद्भावना नसून बसण्याची जागा, हजेरी, पाणी, भोजन, भाषा आणि खेळ यांच्या रोजच्या व्यवस्थेत ती दिसावी लागते, ही या विवेचनामागील मुख्य धारणा आहे.

प्रवेश आणि स्वीकार

या दोन शब्दांतील अंतर महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाइतके अन्यत्र क्वचितच स्पष्ट दिसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1900 साली सातारा येथील सरकारी शाळेत दाखल झाले. प्रवेश मिळाला होता. परंतु बसण्यासाठी गोणपाटाचा वेगळा तुकडा होता, तो वर्गाच्या कोपऱ्यात पसरायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा, कारण शाळेचा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ स्वतः उघडता येत नसे. शिपाई हजर नसेल त्या दिवशी पाणीच नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या या आठवणींत शाळेचे दार उघडे आहे आणि तरीही मूल शाळेबाहेरच आहे. वगळले जाण्याची साधने येथे किती क्षुल्लक आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे : एक गोणपाट आणि एक नळ.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, अस्पृश्य मुलांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढावा लागला. सक्तीच्या कायद्याने मूल शाळेत येते; ते कोणाशेजारी बसणार, हे त्याने आपोआप ठरत नाही, हे महाराजांनी ओळखले होते असे म्हणता येईल.

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्यात या दृष्टीने अनेक तरतुदी आहेत. वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा प्रवेशाची मुदत संपली म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला, हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही. शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक त्रास देण्यासही कायद्याने मनाई आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्यात नमूद आहे. खाजगी विनाअनुदानित शाळांतील 25 टक्के जागांच्या तरतुदीवर जितकी चर्चा झाली, तितकी या साध्या कलमांवर झाली नाही. वस्तुतः वर्गातील वातावरणाशी त्यांचाच संबंध अधिक निकटचा आहे.

कोसबाडचा प्रयोग

शाळेने मुलाकडे जाणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याकडे वळावे लागते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीचा अभ्यास केलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये डहाणू परिसरातील बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. शहरी बालमंदिराचा साचा तेथे चालेना. बोलावूनही मुले येत नाहीत, असे दिसल्यावर वस्तीतील अंगणातच बालवाडी भरवण्यात आली. पुढे देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या कार्याशी जोडलेला आहे. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने आणि खडे आले.

1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे असत. ती शाळेत येत नाहीत याचा अर्थ त्यांना शिक्षणाची आवड नाही असा न लावता, जेथे गुरे चरत तेथेच शाळा नेण्यात आली. हीच कुरणशाळा. मुलींची अडचण वेगळी होती. धाकट्या भावंडाला सांभाळायचे असल्याने त्यांना घर सोडता येत नसे. त्यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवण्याचा ‘विकासवाडी’चा प्रयोग झाला. भावंड पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी ही योजना होती. येथे मुलीला नियमित उपस्थितीचे महत्त्व पटवण्यात वेळ दवडला नाही. तिच्या कडेवरच्या बाळाची सोय केली गेली.

या प्रयोगाचे महत्त्व केवळ आदिवासी शिक्षणापुरते मानणे, ही अभ्यासकांची एक जुनी सवय आहे. त्यातील तत्त्व कोणत्याही प्राथमिक शाळेस लागू पडते : मूल आणि शाळा यांत विसंगती आढळली तर प्रथम शाळेची व्यवस्था तपासावी, मुलाची नंतर.

वर्गातील भाषा

परके वाटण्याची पहिली जाणीव मुलाला बहुधा भाषेतून होते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, नंदुरबारमध्ये भिली व पावरी, तांड्यांवर गोरमाटी या घरच्या भाषा घेऊन मुले प्रमाण मराठीच्या वर्गात येतात. ज्यांची घरची भाषा मराठीच आहे, त्यांनाही हा अनुभव चुकत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील मूल ‘पानी’ म्हणते आणि वर्गात हशा पिकतो. शिक्षक त्या हशात सामील झाले नाहीत, परंतु ‘अशुद्ध’ एवढेच म्हणून पुढे गेले, तरी परिणाम फारसा वेगळा होत नाही. मुलाला त्यातून एवढेच कळते की आपली आई चुकीचे बोलते. पुढील काही महिने ते बोलतच नाही. मग प्रगतिपुस्तकात ‘अबोल आहे’ असा शेरा येतो.

फळ्यावर ‘घरचा शब्द’ आणि ‘पुस्तकातला शब्द’ असे दोन रकाने करणारे शिक्षक अनेक ठिकाणी आढळतात. त्यासाठी कोणतेही अनुदान लागत नाही. मूल जेव्हा घरचा शब्द सांगते, तेव्हा त्या एका क्षणी वर्गात जाणकार तेच असते आणि इतर मुले, प्रसंगी शिक्षकही, शिकणारे ठरतात. शिक्षण हक्क कायद्यात शक्य तेथवर मातृभाषेतून अध्यापन व्हावे आणि मूल भय व चिंता यांपासून मुक्त असावे, या दोन्ही गोष्टी एकाच कलमात शेजारी-शेजारी आल्या आहेत. हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

पंगत, पाणी आणि मधली सुट्टी

सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर प्राथमिक शाळांतून शिजवलेले मध्यान्ह भोजन देणे राज्यांवर बंधनकारक झाले. पोषण हा त्याचा प्रकट हेतू; परंतु एका पंगतीत बसणे हा त्याचा दुसरा आणि कदाचित अधिक दूरगामी परिणाम होय. 2004 मध्ये न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे असेही सांगितले. देशाच्या काही भागांत अशा नेमणुकांना पालकांनी विरोध केल्याच्या घटना घडल्या, यावरून पंगतीचे सामाजिक मोल लक्षात येते. पंगत कशी बसते, कोण वाढते, भांडी कोण विसळते, वर्ग आणि व्हरांडा कोण झाडते, याकडे मुख्याध्यापकांचे लक्ष हवे. झाडण्याचे काम मुलींकडे आणि घंटा वाजवण्याचे मुलांकडे, अशी वाटणी कोणी ठरवून करत नाही. ती होऊन जाते, म्हणूनच हजेरी क्रमांकाने पाळी लावणे बरे.

लाभाच्या योजनांबाबतही असेच आहे. उपस्थिती भत्ता, शिष्यवृत्ती किंवा मोफत गणवेश यांची यादी भर वर्गात वाचून प्रवर्गानुसार मुलांना उभे केले जाते, तेव्हा मदत आणि मानहानी एकाच वेळी पोहोचते. तीच यादी पालकांना स्वतंत्रपणे कळवता येते.

मुले परस्परांना वगळतात त्याचे काय, हा प्रश्न अधिक बिकट आहे. या संदर्भात शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, म्हणजे त्या विद्यापीठाने चालवलेल्या शाळेत, बालवर्गाला शिकवणाऱ्या व्हिव्हियन गसिन पेली यांचा प्रयोग उद्बोधक ठरतो. खेळात येऊ पाहणाऱ्या मुलाला कोणीही नको म्हणायचे नाही, असा नियम त्यांनी वर्गात आणला आणि 1992 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. नियम करण्यापूर्वी त्यांनी वरच्या वर्गांतील मुलांचे मत घेतले. नियम न्याय्य आहे, पण चालणार नाही, असा त्या मुलांचा सूर होता. बालवर्गाने मात्र तो बऱ्याच अंशी पाळला. मैत्री नियमाने होत नाही हे खरेच. तथापि खेळातील जागा नियमाने मिळू शकते, आणि कोणती मुले कायम बाहेर उभी असतात हे त्यामुळे शिक्षकाच्या नजरेस येते. आपल्याकडे कबड्डी-लंगडीचे गट पाडताना दोन ‘कप्तान’ एकेक मूल निवडतात आणि शेवटी तेच ते मूल उरते. गट चिठ्ठ्यांनी पाडले तर हा रोजचा अपमान टळतो.

हंगामी स्थलांतर : पटावरील नाव

वरील सर्व मुद्दे एकत्र येतात ते ऊसतोडणी कामगारांच्या मुलांबाबत. मुकादमाकडून उचल घेऊन बीड, जालना, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील जोडपी, ज्यांना ‘कोयता’ म्हटले जाते, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. गळीत हंगाम त्याचा उत्तरार्ध गिळतो. साखरशाळा आणि मूळ गावातील हंगामी वसतिगृहे हे त्यावरील दोन उपाय. पहिल्यात मूल आई-वडिलांजवळ राहते पण गावच्या शाळेपासून वेगळे पडते, दुसऱ्यात उलट. तिसरा मार्ग म्हणजे कारखान्याजवळील नेहमीच्या शाळेत त्याला बसवणे. कायद्याला तोच अभिप्रेत आहे आणि व्यवहारात तोच सर्वांत अवघड जातो.

मुलाचे नाव मूळ शाळेच्या पटावर, पुस्तके तेथेच वाटली गेलेली, आणि मूल मात्र शंभर-दोनशे किलोमीटरवरील वर्गात मागच्या रांगेत. ते चार महिन्यांनी जाणार, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे शिक्षक हजेरी घेताना त्याचे नाव उच्चारत नाहीत. कागदोपत्री ते बरोबरही असते. पण ज्याचे नाव दिवसातून एकदाही पुकारले जात नाही, ते मूल आठवडाभरात येईनासे होते. पहाटे फडावर निघणाऱ्या आई-वडिलांबरोबर जाणे किंवा कोपीत धाकट्याला सांभाळणे हे पर्याय त्याच्यापुढे असतातच. कोसबाडची थोरली बहीण येथे पुन्हा भेटते, आणि पाळणाघराचा प्रश्नही.

स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येते, हे नव्या शाळेला त्यातून कळावे, हा हेतू. पत्रक मूळ शाळेतून निघाले पाहिजे, पालकाच्या पिशवीत टिकले पाहिजे आणि पुढे कोणी ते वाचले पाहिजे. यांपैकी कोणतीही कडी तुटते. दोन मुख्याध्यापकांतील एक दूरध्वनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढू शकतो. नव्या शाळेने स्वतंत्र वहीत नाव लिहून ते रोज हजेरीत पुकारावे, जादा पुस्तकांचा एक संच कपाटात ठेवावा, पहिला महिनाभर स्थानिक मुलांपैकी एक सोबती नेमून द्यावा आणि बाकावरील जागा पहिल्याच दिवशी ठरवून द्यावी. एप्रिलमध्ये मूल परत जाते तेव्हा उलट दिशेची नोंदही तितकीच आवश्यक आहे. तेथे वार्षिक परीक्षा दारात असते आणि मधल्या काळात त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. त्या नोंदीत गणिताच्या आणि वाचनाच्या पातळीबरोबरच मूल कोणत्या खेळात रमले आणि ऊस, बैल, फड यांविषयी त्याने वर्गाला काय सांगितले, हे दोन ओळींत लिहिता येईल. मूळ गावच्या शिक्षकाला त्या मुलाशी पहिल्या दिवशी बोलायला विषय मिळतो.