छायाचित्रातील दोष आणि रस

चांगले छायाचित्र कोणते, असे विचारले असता बहुतेक जण सांगतात की, जे स्पष्ट ते चांगले. हे उत्तर अर्धेच खरे आहे, असे आम्हांस वाटते.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त मुख्य अर्थाची हानी करतो तो दोष, असे दोषाचे लक्षण सांगितले असून, मुख्य अर्थ म्हणजे रस, असा खुलासाही केला आहे. तेव्हा जी उणीव रसास बाधत नाही, तिला दोष ठरविण्याची घाई करू नये. हीच कसोटी छायाचित्रास लावून पाहावी.

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडात असताना, मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला तेव्हा त्यांनी या कलेस आरंभ केला. त्यांची चित्रे किंचित अंधुक असत, म्हणून तत्कालीन तज्ज्ञांनी त्यांना हिणविले. तथापि १८६७ साली त्यांनी घेतलेले ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांचे चित्र पाहावे. अंधारातून उजळलेला तो वृद्ध, चिंतनमग्न चेहरा विसरू म्हटले तरी विसरत नाही.

इतके दूर तरी कशास जावे? आमच्या कळंब येथील श्रीचिंतामणीचे देवालय जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून दर्शनास जावे लागते. झगझगीत उजेडात घेतलेल्या चित्रात मूर्तीची रेघ न् रेघ उमटेल; परंतु एकेक पायरी उतरताना मनास जे गांभीर्य येते, ते मंद प्रकाशातील चित्रातच अधिक सापडते.

याचा अर्थ तंत्राची हेळसांड करावी, असा मुळीच नव्हे. घरच्या मंगल प्रसंगी आजोबांचे मस्तकच चौकटीबाहेर राहिले, तर तो खराखुरा दोष होय. कारण तेथे मुख्य अर्थच बुडाला.

हा विचार आज विशेष निकडीचा झाला आहे. पूर्वीच्या काचा प्रकाश सावकाश ग्रहण करीत. त्यामुळे मांडीवरचे मूल हलले की त्याचा चेहरा पुसट होई. अशी चित्रे हल्ली संगणकाकडून 'सुधारून' घेण्याची हौस वाढली आहे. डाग वा चिरा काढण्यास आमची हरकत नाही. परंतु जे मूळ चित्रात उमटलेच नाही, ते यंत्र इतर असंख्य चेहऱ्यांवरून अनुमानाने भरून काढते. डोळे टपोरे होतात, कातडी नितळ होते. मात्र ती आपली पणजी उरत नाही. रेखीव परस्त्रीस नमस्कार करण्यापेक्षा पुसट पणजीस केलेला बरा!

म्हणून गृहिणींस व तरुणांस आमचे सांगणे इतकेच: सुधारलेली प्रत हवी तर निराळी करावी, पण मूळ चित्र टाकू नये. ते ओल व ऊन यांपासून जपावे. मागील बाजूस मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, नावे, गाव व साल लिहून ठेवावे. आणि ती नावे सांगू शकणारी वडील माणसे घरात आहेत, तोवरच हे काम उरकावे. चेहरा अंधुक असला तरी चालतो. नाव हरपले की चित्र अनाथ होते.