पुस्तकाला सरहद्द असते काय?

पांढरकवड्याहून आदिलाबादकडे निघालेला वाटसरू पैनगंगा ओलांडतो तेव्हा राज्य बदलते, पाट्यांवरील लिपी बदलते. पण मराठी काही नदीकाठाशी थांबत नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होते. भाषावार राज्यरचनेत ते इकडे आले आणि आदिलाबादचा मराठी वाचक तिकडे राहिला. उद्या मुंबईच्या मंत्रालयाने एखादे मराठी पुस्तक आक्षेपार्ह ठरविले, तर या वाचकाच्या कपाटातील प्रतीचे काय होईल?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ९५, म्हणजेच १ जुलै २०२४ पासूनचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ९८, राज्य सरकारला मोठा अधिकार देते. एखादा मजकूर समाजगटांत वैर पसरविणारा, धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणारा, अश्लील अथवा देशाचे ऐक्य धोक्यात आणणारा आणि म्हणून शिक्षापात्र आहे असे सरकारला वाटले, की कारणे नमूद करून अधिसूचना काढावयाची; त्याच्या सर्व प्रती सरकारजमा होतात. पुस्तक कोठेही छापलेले असो, पोलिसांना प्रत भारतात जेथे सापडेल तेथे जप्त करता येते. लेखकाचे म्हणणे आधी ऐकावे, असे बंधन या कलमात नाही. आधी जप्ती, मग सुनावणी, असा हा क्रम आहे.

दाद मागण्याची सोय आहे; मात्र राजपत्रातील प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालतो. मुंबईचे राजपत्र आदिलाबादच्या वाचकाला पाहावयास कधी मिळणार?

न्यायालयांनी मात्र या अधिकाराला वेसण घातली आहे. पेरियार यांच्या रामायणविषयक पुस्तकाचा हिंदी अनुवाद उत्तर प्रदेश सरकारने जप्त केला होता. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, नुसते कलमाचे शब्द गिरवून भागणार नाही, सरकारने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत. चंद्रकांत काकोडकर यांची ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथा अश्लील नाही, असा निर्वाळा याच न्यायालयाने १९६९ मध्ये दिला. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरील महाराष्ट्र सरकारची जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. कोणत्या दोन समाजांत वैर माजणार, हेच अधिसूचनेने सांगितले नव्हते. विशेष हे की, तेथील अर्जदार लेखक वा प्रकाशक नव्हते.

मोजमापाची काठी तर आदिलाबादच्या शेजारच्या नागपुरातूनच आली आहे. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने जोखावा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या नजरेने नव्हे, हे नागपूर उच्च न्यायालयाने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सांगितले. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व मान्य केले.

कायदाच नको, असे आम्ही म्हणणार नाही. गोंडी, तेलुगू, मराठी, उर्दू अशा अनेक भाषा बोलणारे लोक जेथे एकाच बाजारात येतात, तेथे विषारी पत्रकाने आग लागू शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आगीचा बंब आणि कुलूप यांतील भेद सरकारला कळला पाहिजे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी जम्मू-काश्मीर प्रशासनाने एकाच आदेशाने पंचवीस पुस्तके सरकारजमा केली, तेव्हा त्या प्रत्येक पुस्तकाचा स्वतंत्र विचार किती झाला असेल, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

उपाय अवघड नाहीत. तातडीचा प्रसंग सोडल्यास लेखकाला आधी नोटीस द्यावी. कोणत्या पानावरील कोणत्या मजकुराने काय बिघडते, ते आदेशात लिहावे. आणि तो आदेश जेथे जेथे लागू होणार, तेथील वाचकाला कळेल अशा रीतीने प्रसिद्ध करावा. जप्तीचा हुकूम जर पैनगंगा ओलांडू शकतो, तर त्यामागील कारणांनीही ती ओलांडावयास नको काय?