विश्लेषण : हॉट टबचे नितळ पाणी खरोखरच सुरक्षित असते का?

लोणावळा, कर्जत, अलिबागपासून गोव्यापर्यंत भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांच्या जाहिरातींत आता जलतरण तलावाच्या जोडीला ‘जकुझी’ही दिसते. शहरांतील काही घरांच्या गच्चीवरही असे टब आले आहेत. टब बसवून देणारा माणूस दोन दिवसांत निघून जातो. त्यातील पाणी राखण्याचे काम मात्र घरमालकाच्या किंवा बंगल्याच्या केअरटेकरच्या गळ्यात पडते. पाणी नितळ दिसते म्हणजे ते चांगले आहे, असा समज असतो. तो धोकादायक का ठरू शकतो आणि पाण्याचा समतोल राखायचा कसा, याचा हा आढावा.

हॉट टब आणि साध्या बाथटबमध्ये फरक काय?

बाथटबमधील पाणी अंघोळ झाली की सोडून दिले जाते. हॉट टबमधील पाणी आठवडेच्या आठवडे तेच राहते. पंप ते गाळणीतून आणि हीटरमधून फिरवतो आणि जेटमधून हवेसह जोरात बाहेर सोडतो. ‘जकुझी’ हे खरे तर एका कंपनीचे नाव. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या जकुझी कुटुंबाने १९५६ मध्ये बाथटबमध्ये ठेवून पाणी घुसळणारा पंप बाजारात आणला. पुढे हे नाव अशा सर्वच टबांना चिकटले.

घरगुती टबमध्ये साधारण १,००० ते १,५०० लिटर पाणी मावते. १,२०० लिटरच्या टबमध्ये चौघे बसले, तर माणशी ३०० लिटर पाणी येते. एक लाख लिटरच्या तलावात हेच प्रमाण गाठायला एकाच वेळी ३३३ माणसे उतरावी लागतील. घाम, अंगाचे तेल, क्रीम आणि साबणाचा अंश एवढ्याशा पाण्यात साठतो आणि क्लोरीन झपाट्याने खर्ची पडते. गरम पाण्यात ते आणखी लवकर उडून जाते.

धोका नेमका कोणता?

फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हनकार्स्पेल येथे फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथील विक्री दालनात पाण्याने भरलेले चालू टब मांडून ठेवले होते. त्यातून उडालेल्या सूक्ष्म तुषारांमुळे जवळून गेलेल्यांना न्यूमोनियासारखा ‘लिजनेअर्स’ आजार झाला आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका जत्रेनंतर अशीच साथ आली. तपासात संशयाची सुई पुन्हा प्रदर्शनात मांडलेल्या हॉट टबकडेच वळली. त्या साथीत चौघांचा बळी गेला.

या आजाराला कारणीभूत असलेला लिजिओनेला जिवाणू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात वाढतो. हॉट टबचे पाणी नेमके याच टप्प्यात असते. पाण्याच्या बारीक तुषारांतून तो श्वासावाटे फुप्फुसात जातो. ज्येष्ठ नागरिक, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका अधिक असतो. याशिवाय ‘स्यूडोमोनास’ जिवाणूमुळे अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्यांखालच्या त्वचेवर, खाजरे लाल फोड येतात. या दोन्ही जिवाणूंमुळे पाण्याचा रंग बदलेलच असे नाही.

क्लोरीन टाकले की भागत नाही का?

नाही, कारण क्लोरीनची ताकद पीएचवर अवलंबून असते. पाण्यात गेल्यावर क्लोरीनची दोन रूपे होतात. त्यातील एक जंतू वेगाने मारते, दुसरे जवळपास निष्प्रभ असते. पीएच ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन प्रभावी रूपात असते, ७.५ ला निम्मे, तर ८ ला जेमतेम एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी. म्हणजे तपासणी पट्टी क्लोरीन पुरेसे दाखवत असतानाही ते काम करत नसेल, असे होऊ शकते.

अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार हॉट टबमध्ये पीएच ७.० ते ७.८ दरम्यान आणि मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅम असावे. क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरल्यास ते ४ ते ८ पीपीएम हवे. पाण्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये.

‘क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे भरपूर टाकलेय’ हाही गैरसमजच. तो उग्र, डोळे चुरचुरवणारा वास क्लोरीन आणि घाम यांच्या संयोगातून तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. बहुतेक वेळा तो क्लोरीन कमी पडल्याचे लक्षण असते.

अल्कलिनिटी आणि जडपणा कशासाठी तपासायचे?

अल्कलिनिटी म्हणजे पीएचला झोके खाऊ न देण्याची पाण्याची क्षमता. ती कमी असेल तर पीएच सतत वरखाली होतो. फार जास्त असेल तर पीएच चढाच राहतो. साधारण ८० ते १२० पीपीएम ही तिची योग्य पातळी मानली जाते. सोड्याची बाटली हलवली की वायू निघून जातो, तसाच जेटच्या घुसळणीने पाण्यातील कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच आपोआप वाढतो. त्यामुळे हॉट टबमध्ये पीएच वाढण्याची तक्रार नेहमीची असते.

जडपणा म्हणजे पाण्यातील कॅल्शियमचे प्रमाण. ते १५० ते २५० पीपीएमच्या आसपास असावे. पठारावरील बेसॉल्ट खडकातील बोअरवेलचे पाणी अनेकदा याहून बरेच जड असते. गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर मग टबच्या हीटरवरही बसतो. उलट कोकणात जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी अनेकदा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. ते धातूचे भाग हळूहळू खाते. त्यामुळे टब भरण्याआधी मूळ पाणी तपासणे आवश्यक असते. पाणी टँकरचे असेल तर प्रत्येक खेपेला.

रसायने कोणत्या क्रमाने टाकायची?

आधी अल्कलिनिटी, मग पीएच आणि शेवटी क्लोरीन. अल्कलिनिटी वाढवायला खाण्याचा सोडा पुरतो. १,००० लिटर पाण्यात साधारण १७ ग्रॅम सोड्याने ती १० पीपीएमने वाढते. म्हणजे १,२०० लिटरच्या टबमध्ये ६० वरून ९० वर न्यायची तर सुमारे ६० ग्रॅम सोडा लागेल. पीएच उतरवण्यासाठी सोडियम बायसल्फेट, म्हणजेच कोरडे आम्ल वापरतात. ते थोडे थोडे टाकून, पंप चालू ठेवून काही वेळाने पुन्हा तपासावे लागते.

क्लोरीनसाठी द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट घेतल्यास, १० टक्के तीव्रतेचे सुमारे ३६ मिलिलिटर द्रावण १,२०० लिटर पाण्यात ३ पीपीएम वाढ करते. उन्हात ठेवलेल्या जुन्या कॅनची ताकद मात्र घटलेली असते. त्यामुळे मापावर भिस्त न ठेवता टाकल्यानंतर तपासणे महत्त्वाचे.

आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. दोन प्रकारची क्लोरीन रसायनेही मिसळू नयेत. त्याने आग लागू शकते. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये.

टीसीएल पावडर किंवा तुरटी चालेल का?

ग्रामपंचायतीच्या टाकीत वापरली जाणारी टीसीएल पावडर सहज मिळते, म्हणून टबमध्येही टाकली जाते. ती जंतू मारते, पण चुन्यापासून बनलेली असल्याने पीएच आणि जडपणा दोन्ही वाढवते. तिचा न विरघळलेला साका गाळणीत आणि जेटमध्ये अडकतो. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण निर्जंतुकीकरण होत नाही. शिवाय ती अल्कलिनिटी कमी करते. जलतरण तलावाच्या टीसीसीए गोळ्याही टबसाठी योग्य नाहीत. त्या तीव्र आम्लधर्मी असतात आणि त्यांतून सायन्युरिक आम्ल पाण्यात साठत जाते. हे आम्ल क्लोरीनचे काम मंदावते, म्हणून हॉट टबमध्ये ते टाळण्याची सीडीसीची शिफारस आहे.

पाणी कधी बदलावे?

घरगुती वापरात साधारण तीन महिन्यांनी, पाहुण्यांची वर्दळ असेल तर त्याआधीच. रसायने टाकत राहिल्याने पाण्यात विरघळलेले क्षार वाढत जातात आणि शेवटी समतोल साधेनासा होतो. पाणी सोडण्याआधी पाइप साफ करणारे द्रव्य टाकून पंप चालवावा. पाइपच्या आतील बुळबुळीत थरात जिवाणू क्लोरीनपासून बचावलेले असतात. गाळणी आठवड्याला धुवावी. क्लोरीन असलेले पाणी लगेच झाडांना घालू नये. ते उघडे ठेवून, क्लोरीन उतरल्यावरच वापरावे.

टबमध्ये उतरण्यापूर्वी काय पाहावे?

तपासणी पट्टी पाण्यात बुडवून पाकिटावरील रंगांशी ताडून पाहायला मिनिटभरही लागत नाही. भाड्याच्या बंगल्यात उतरलेल्या पाहुण्यांनी ती सोबत नेली तरी चालते. पीएच ७.८ च्या वर किंवा क्लोरीन ३ च्या खाली असेल, पाण्याला उग्र वास असेल किंवा कडा हाताला बुळबुळीत लागत असतील, तर टबमध्ये उतरू नये. आधी साबण लावून अंघोळ केली, तर क्लोरीनची बचत होते. पाच वर्षांखालील मुलांना हॉट टबमध्ये नेऊ नये. गर्भवती, हृदयविकाराचे आणि रक्तदाबाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. टब वापरल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना टबबद्दल आवर्जून सांगावे. एरवी त्या दिशेने तपासणी होईलच असे नाही.