हिणवणुकीचे शब्द, ग्रंथांची शीर्षके

माणसाची ओळख त्याने स्वतः सांगायची की इतरांनी ठरवून द्यायची, हा प्रश्न मराठीत दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांनी जितक्या थेटपणे विचारला, तितका अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकाराने विचारलेला नाही. आणि त्याचा शोध या पुस्तकांच्या शीर्षकांपासूनच सुरू होतो.

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत, म्हणजे आत्मकथनांची लाट येण्यापूर्वीच, तो उघडपणे मांडला गेला होता. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी गेलेला नायक जात न सांगता राहतो आणि ती कळताच मार खातो. स्वतःची जात लपविण्याला येथे ‘चोरी’ म्हटले आहे; माणूस म्हणून वावरणे हीच जणू दुसऱ्याच्या मालकीची वस्तू होती, हे त्या एका क्रियापदात आले आहे.

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. बलुतं म्हणजे वंशपरंपरेने गावकीची कामे करणाऱ्यांना त्या कामांच्या मोबदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. तो हक्काचा म्हटला जाई, पण पदरात पडे तो अपमानासकट. या ग्रंथाची खरी थोरवी मात्र त्याच्या रचनेत आहे. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, आणि हे दोघे एकच आहेत: एक जन्माने मिळालेल्या नावाचा, दुसरा शिकून शहरात लेखक म्हणून मान्यता पावलेला. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातले अंतर लेखकाने बुजविलेले नाही, कारण शिक्षणाने मिळालेली नवी ओळख जुनीला पुसू शकत नाही आणि जुनीत परतताही येत नाही, हीच या आत्मकथनाची मूळ वेदना आहे.

त्यानंतर लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आले. बारा माशांचा तोळा भरतो, म्हणून अकराच माशांचा तो अक्करमाशी, म्हणजे विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला, कुळात अपुरा मानलेला. तर ‘उचल्या’ हा शब्द एका अख्ख्या जमातीवर चोर म्हणून मारलेला शिक्का होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते आणि तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का गेला नाही. तोच शब्द लेखकाने मुखपृष्ठावर आपल्या नावाशेजारी छापला, तेव्हा तो उच्चारण्याचा अधिकार हिणवणाऱ्याच्या हातून निसटला.

स्त्रियांची शीर्षके वेगळ्या वाटेने जातात. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या शीर्षकात ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) तर शिक्का नाहीच, काम आहे: आयदान म्हणजे बांबूच्या पट्ट्यांपासून विणलेली सुपे-टोपल्यांसारखी वस्तू, आणि आईचे ते विणणे व आपले लिहिणे यांची वीण लेखिकेने एकच मानली आहे.

या ग्रंथांकडे केवळ दुःखाचे दस्तऐवज म्हणून पाहण्याची सवय अजून सुटलेली नाही, आणि ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. वाचकांनी ‘बलुतं’ पुन्हा हाती घ्यावे आणि दगडू कोठे थांबतो व दया पवार कोठे बोलू लागतात, हे शोधत वाचावे.