डोंगर कुणीकडे कलतो?

दगड ही वस्तू मी आयुष्यभर ब्रासच्या भावाने ओळखली. १९९४ साली, बँकेत असताना, भाईंदरजवळच्या एका खाणमालकाच्या क्रशरला कर्ज देण्यापूर्वी मी खाण पाहायला गेलो. किती ब्रास निघेल, तारण पुरेसे आहे का, एवढेच पाहिले. ‘दगड सहज सुटतो’ असा शेराही मारला. कर्ज वेळेवर फिटले. डोंगर मात्र अर्धा राहिला.

परवा मे महिन्यात पुण्याला भूशास्त्र शिकणारी माझी भाची आली. विद्यापीठाच्या फिल्डवर्कसाठी दहा दिवस सह्याद्रीत हिंडून चांगली रापली होती. ‘हे सगळे पुस्तकात नसते का गं?’ असे मी विचारले मात्र, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने मला उत्तनजवळच्या डोंगरीत एका जुन्या खाणीत नेऊन उभे केले.

‘भिंग डोळ्याशी धर, मामा, आणि दगड भिंगाजवळ आण.’ मी नेमके उलटे करीत होतो. हातोडीने मळकट तुकडा फुटला, तर आत निराळाच रंग. हा आपला नेहमीचा काळा बेसाल्ट नव्हे, रायोलाइट. सिलिका जास्त, म्हणून याचा लाव्हा दाट. थंड होताना तो आकसला, तडकला आणि त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब झाले. दगड सहज का सुटतो, ते मला तीस वर्षांनी कळले!

आयआयटी मुंबईच्या हेतू शेठ आणि कांचन पांडे यांनी डोंगरीच्या रायोलाइटचे वय २०१४ साली प्रसिद्ध केले: सुमारे सव्वासहा कोटी वर्षे. डायनोसॉर संपल्यावरही तीसेक लाख वर्षांनी इथे लाव्हा वाहत होता.

मग तिने एका थरावर बाटलीतले पाणी ओतले. ओघळ पश्चिमेला, समुद्राकडे गेला. माथेरानचे थर जवळजवळ आडवे. पनवेलच्या पट्ट्यापासून इकडे मात्र ते समुद्राकडे वाकलेले. क्लिनोमीटर ठेवून मीही कल मोजला. तिच्या-माझ्या आकड्यांत सात अंशांचा फरक! मी खोडरबर काढला, तशी ती म्हणाली, ‘पुसायचं नाही. एक रेघ मार, बाजूला नवा आकडा लिही.’ अहो, लेजरातल्या चुकीबद्दल नव्या कारकुनांना मी जन्मभर हेच सांगत आलो.

मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीतली हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर २०२५ साली भाईंदरकरांनी रान उठवले. बोलणे झाडांचे झाले, खडकाचे मी तरी ऐकले नाही. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार?

‘खाण नसती तर हे खांब तुला दिसले असते का?’ मी जरा आशेने विचारले.

‘थोडी खाण पुरली असती, मामा.’

ती उरलेल्या कड्याचे चित्र काढायला बसली. उंचीचा अंदाज यावा म्हणून कड्याच्या पायथ्याशी तिने मलाच उभे केले.