जमैकातील लोकप्रिय संगीताचा विकास

जमैका या कॅरिबियन बेटावर १९५० ते १९७० च्या दशकांदरम्यान स्का, रॉकस्टेडी, रेगे व डब हे संगीतप्रकार एकापाठोपाठ एक उदयास आले. सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या देशात संगीत इतक्या वेगाने बदलण्याची कारणे प्रामुख्याने राजधानी किंग्स्टनमधील श्रवणाच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यवस्थेत आढळतात.

साउंड सिस्टिम व स्पर्धा

१९५० च्या दशकात रेकॉर्ड प्लेअर सामान्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होते. त्यामुळे मोठे ध्वनिवर्धक लावून मोकळ्या आवारात नृत्यसभा भरवणाऱ्या ‘साउंड सिस्टिम’ लोकप्रिय झाल्या. क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड आणि ड्यूक रीड यांच्यासारखे चालक इतरांकडे नसलेल्या अमेरिकन ध्वनिमुद्रिका मिळवत व त्यांवरील नावे खरवडून टाकत. अमेरिकेतील अभिरुची बदलून अशा ध्वनिमुद्रिका दुर्मीळ झाल्यावर त्यांनी स्थानिक कलावंतांची गाणी ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. नवे गाणे आधी नृत्यसभेत वाजवले जाई. श्रोत्यांचा कौल तिथेच कळत असल्याने पुढील प्रयोगास विलंब लागत नसे.

प्रशिक्षण

किंग्स्टनमधील अल्फा बॉइज स्कूल या कॅथलिक जोगिणींनी चालवलेल्या संस्थेत गरीब मुलांना बँडवादन शिकवले जाई. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ‘द स्कॅटलाइट्स’ या वाद्यवृंदातील डॉन ड्रमंड, टॉमी मॅकुक, जॉनी मूर व लेस्टर स्टर्लिंग हे याच संस्थेचे विद्यार्थी होते.

परदेशातील श्रोते

ब्रिटनमध्ये स्थलांतरित झालेल्या जमैकनांमुळे या संगीताला दुसरी बाजारपेठ लाभली. जमैकात १९५९ मध्ये स्थापन झालेली आयलंड रेकॉर्ड्स १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये गेली. १९६४ मध्ये मिली स्मॉल यांचे गाणे ब्रिटिश विक्रीक्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचले.

हक्क व मोबदला

एकाच ‘रिडिम’वर, म्हणजे ताल व बासच्या साथीवर, अनेक गायकांची गाणी रचण्याच्या प्रथेमुळे निर्मिती स्वस्त व जलद झाली. मात्र मूळ साथ वाजवणाऱ्या वादकांना बहुधा एकरकमी मेहनताना मिळे. पुढील विक्रीत त्यांचा वाटा नसे. १९९३ चा प्रताधिकार कायदा येईपर्यंत देशात ब्रिटनचा १९११ चा कायदाच लागू होता. ज्या मोकळिकीने संगीताला गती दिली, तिची किंमत अशा रीतीने अनेक वादकांना मोजावी लागली.

२०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला.